जाळीमागचा आवाज

१

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी नरहर पुराणिक आपल्या फोनोग्राफच्या पायाशी पालथे पडलेले दिसले, तेव्हा यामिनीला आधी वाटलं, काकांच्या हातून पूजेचं कुंकू सांडलं. फरशीवर ते तसंच दिसत होतं, काळपट लाल, कडांना वाळून पापुद्रा धरलेलं. मग तिला काकांचं डोकं दिसलं. मागे उभ्या असलेल्या चिराग डागाने तिला बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसून काकांच्या नाकाशी बोट धरलं आणि "साँस चल रही है" म्हणत फोन काढला.

चिरागचं रायपूर शहरात, पंडरीच्या बाजारात जुन्या फर्निचरचं दुकान होतं. काकांनीच त्याला त्या दिवशी ऊन उतरल्यावर बोलावलं होतं. यामिनीने काकांच्या खोलीचं दार बराच वेळ वाजवलं, आतून ओ आली नाही, म्हणून दार लोटून ती आत गेली होती. खोलीचं दुसरं दार मागच्या बागेकडे उघडायचं. ते सताड उघडं होतं आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं.

नव्या रायपुरात चिटपाखरू नसणं काही नवं नव्हतं. काका वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर पुरानी बस्तीतलं घर सोडून इथे आले ते शांततेसाठीच. गाड्यांच्या हादऱ्यांनी जुन्या यंत्रांच्या सुया बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. लग्न त्यांनी केलं नाही. यामिनीचं मोडलं, तेव्हा ते तिला स्वतः जाऊन घेऊन आले. ती शहरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. या घराला शेजार नव्हता. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट आणि समोर विमान उतरेल एवढा रुंद रस्ता.

घरातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तो फोनोग्राफ. पाहणाऱ्याला ते एखाद्या फ्रेंच राजवाड्यातलं कपाट वाटावं. छातीएवढं उंच, महोगनीचं, हरणाच्या पायांसारखे बाकदार पाय, अंगभर कोरलेली पानं. त्याचा कर्णा बाहेर दिसत नसे. तो आतच होता, सोनेरी नक्षीच्या लाकडी जाळीमागे, रेशमी पडद्याआड. खालच्या मखमली खणांत मेणाच्या नळ्या खुंट्यांवर उभ्या असायच्या. जुनी माणसं त्यांना चुड्या म्हणत. तबकड्या निघायच्या आधी आवाज या चुड्यांवर उमटत असे. चालू अवस्थेतलं असं कपाट देशात दुसरं नसावं, असं चिराग म्हणायचा आणि दरवेळी विकत मागायचा.

त्यातली एक चुडी काकांच्या आजीची होती. कुसुमआजी कधीकाळी कुणा जमीनदाराच्या दिवाणखान्यात त्या यंत्रासमोर बसून जात्यावरची ओवी गायली होती. मेण दरवेळी थोडं झिजतं, म्हणून काका ती चुडी वर्षातून एकदाच, पितरांच्या या दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमाराला लावत. त्या वेळी खोलीत कुणी जायचं नाही, असा घरातला नियम. यामिनीने मागे एकदा त्या गाण्याची नक्कल फोनवर मागितली होती. काकांनी साफ नाही म्हटलं. चुडी फुटलीच तर असावी म्हणून एक नक्कल काकांकडे शिकलेल्या यशदीपने आपल्याजवळ करून ठेवली होती, तेवढी पुरे.

त्या दुपारीही आजीचा आवाज आला होता. यामिनी जेवणानंतर आडवी झाली होती. भिंतीपलीकडून तो बारीक, कापरा सूर ऐकू आला तशी ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. पोलिसांना तिने हेच सांगितलं. ठाण्याच्या साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मान वर केली.

"म्हणजे गाना खतम झाला तेव्हा तो ठीक होते," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "आणि तुम्ही किचनमध्ये होता तेव्हा कोणीतरी आत होता."

यामिनीला तेव्हा कळलं. ती आणि तो माणूस, मध्ये फक्त एक भिंत.

२

काकांना शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. डोक्यावर मागून जड वस्तूचा घाव होता. शुद्ध येईल की नाही, डॉक्टर सांगेनात. पोलिसांनी खोलीला सील ठोकलं, वर्दीतला एक माणूस दारापाशी बसवला आणि यामिनीला गाव सोडू नका असं बजावलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की संशय तिच्यावरही आहे. तिने ऐकलेलं गाणं खरं धरलं तर त्यानंतर घरात ती एकटीच होती, आणि मग आला तो चिराग.

तिसऱ्या दिवशी मंदाकिनी डांगे आल्या. जन्म पुरानी बस्तीतला, उमेदीची वर्षं सरकारी वकील म्हणून गेलेली. आता गुडघे धरले होते, पण जीभ आणि नजर शाबूत होती. नरहरकाका आणि त्या एकाच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लहानपणी एकाच ओट्यावर खेळलेले. त्यांनी यामिनीला जवळ बसवून घेतलं आणि आधी पाणी प्यायला लावलं.

"तू काहून थरथरून राहिली, पोरी? कोणी आलं तर आधी मी पाहून घेईन." मग म्हणाल्या, "आता मले त्या दिवशीचं सांग. अगदी जेवणाच्या ताटापासून."

यामिनीने सांगितलं. सकाळी पूजा झाली, घागर भरली. जेवायला तिचा चुलतभाऊ अभिनव बायको-मुलाला घेऊन आला होता. जेवताना त्याचं आणि काकांचं वाजलं. काकांनी हे घर, ही यंत्रं विकून शहरात फ्लॅट घ्यावा, असं तो कधीपासून म्हणत होता. काका त्या दिवशी नीट ऐकतही नव्हते. ते आदल्या दिवसापासूनच हरवल्यासारखे होते, फोनोग्राफचं सुईचं डोकं भिंगाखाली धरून बसत होते. अभिनव रागाने ताटावरून उठला आणि निघून गेला. मग यशदीप आला. तो काकांचा शिष्य म्हणावा असा. जुन्या आवाजांच्या संगणकावर नकला करून देणं हाच त्याचा व्यवसाय. काकांनीच त्याला बोलावलं होतं. दोघं खोलीत थोडा वेळ बोलले. मग तो एकटाच बाहेर आला, काका जरा पडलेत म्हणाला, यामिनीने दिलेलं ताक प्यायला आणि आपल्या गाडीने गेला. ती जाऊन झोपली. मग आजीचं गाणं.

मंदाकिनीबाईंनी एकेकाला घरी बोलावून गप्पा माराव्या तसं विचारलं. अभिनवचा चढलेला सूर लगेच उतरला. "दीदी से पूछ लो, मैं तो गाने के बहुत पहले निकल गया था," तो म्हणाला. त्यावेळी तो मुलाला घेऊन जंगल सफारीत होता आणि तसे फोटोही त्याच्याजवळ होते. चिराग मात्र चिडला. सौदा करायला आलेला माणूस मालकाचं डोकं फोडेल का, असं त्याने विचारलं. पण त्या दुपारी तो कुठे होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. दुकान बंद होतं.

यशदीप आला तो डोळे सुजवून. त्याची छोटी मुलगी देवश्री त्याच्या बोटाला होती. त्याला आई नव्हती, वडीलही लवकर गेले. काकांनीच त्याला शिकवलं, वाढवलं. गाणं वाजलं तेव्हा तो पंडरीत सासूबाईंसाठी साड्या बघत होता. दुकानदार ओळखीचा होता. तो रोज दवाखान्यात जाऊन बसत होता आणि यामिनीला एकच गोष्ट परत परत सांगत होता. खोली बंद, एसी बंद, हे बैसाखातलं ऊन. खणातलं मेण वितळून जाईल. पोलिसांना सांगून एकदा आत जाऊ द्या, मी चुड्या काढून नीट ठेवतो. यामिनीला त्याचं फार बरं वाटलं. एवढ्या भीतीत कुणाला तरी काकांच्या जिवाबरोबर त्यांच्या चुड्यांचीही काळजी होती.

सगळे गेल्यावर मंदाकिनीबाईंनी बडीशेप तोंडात टाकली.

"एक गोष्ट मी पोलिसाले सांगितली नाही," त्या म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी नरहरचा फोन आला होता. रडून राहिला होता. म्हणे, मंदे, आज माझ्या हातून एक जीव गेला. घरी कोणाले बोललो नाही. भेटशील तेव्हा सांगीन."

३

त्यानंतर यामिनीला झोप येईना. ज्या काकांनी पोटच्या लेकीसारखं सांभाळलं, त्यांच्या हातून कुणाचा जीव गेला? आणि त्या माणसाचं कुणीतरी सूड घ्यायला येऊन गेलं असेल तर ते परत येणार नाही कशावरून? दिवसा ती दवाखान्यात जाई, संध्याकाळी मंदाकिनीबाईंकडे पुरानी बस्तीत मुक्कामाला. नव्या रायपुरातल्या घरी ती फक्त झाडांना पाणी घालायला नि कपडे घ्यायला यायची, तीही भर उजेडात, दार उघडं टाकून.

काही दिवसांनी एका सकाळी दोन गोष्टी झाल्या. काकांना अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवलं. श्वास सुधारला होता, पण डोळे उघडत नव्हते. आणि पोलिसांनी खोलीचं सील काढून किल्ली यामिनीच्या हातात दिली, दारावरचा माणूसही उठवला. यशदीपने लगेच फोन केला. दुपारी मी दवाखान्यात काकांजवळ बसतो, तुम्ही आराम करा, संध्याकाळी किल्ली घ्यायला येतो, असं म्हणाला. तिने बरं म्हटलं.

दुपारी ती घरी आली. बाहेर ऊन असं पेटलेलं की रस्ता पाण्यासारखा हलत होता. झाडांना पाणी घातलं. किल्ली पर्समध्ये होती, पण खोली उघडायची तिची छाती झाली नाही. बंद दारासमोरून पलीकडे जाताना तिने मान वळवली आणि पावलं उचलली.

आतून खर्रकन आवाज आला. मग एक पोरगट, चिरका, हसरा सूर. टाळ्या, घुंगरू, आणि कार्टूनमधल्या प्राण्यांचं हिंदी गाणं.

ती भिंतीला चिकटली. तो आवाज कुठून येतोय, हे तिला कान न लावताही कळत होतं. ती दहा वर्षं त्या घरात राहत होती. आजीचा सूर जिथून यायचा, बरोबर तिथून, जाळीमागून, लाकडाच्या पोटातून तो येत होता. बंद खोलीत, जिथे कुणी नव्हतं, शंभर वर्षांपूर्वीचा कर्णा लहान मुलांचं आजकालचं गाणं गात होता. मध्येच ते थांबलं. मग त्याच गाण्याची सुरुवात पुन्हा झाली, जास्त मोठ्याने.

यामिनी चपला न घालताच बाहेर पळाली. डांबर तळव्यांना भाजत होतं. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं, गाडी नव्हती, कुत्रंसुद्धा नव्हतं. उघड्या दारातून ते गाणं अजून ऐकू येत होतं. मग एकदम ते तुटलं, आणि ती शांतता तिला गाण्याहून भयंकर वाटली.

४

मंदाकिनीबाई रिक्षाने आल्या तोवर ती कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या सावलीत बसून होती. बाईंनी आपल्या पायातल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या आणि स्वतः रिक्षावाल्याकडून फडकं मागून घेऊन पायांना गुंडाळलं. ऐकून घेतल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "भूत असतं तर त्यानं जुनंच गाणं म्हटलं असतं. चल."

खोलीत गरम, कोंदट वास होता. फरशीवरचा डाग पोलिसांनी पुसायला लावला होता, पण त्याची कड राहिली होती. कपाटाची जाळी बंद होती. यामिनी दारापाशीच थांबली. बाईंनी खालचा खण ओढला. चुड्या खुंट्यांवर उभ्या होत्या, काही उन्हाने किंचित वाकलेल्या. एक खुंटी रिकामी होती. तिच्या मागे, खणाच्या तळाशी, काकांचा जुना रेशमी रुमाल गाठ मारून ठेवलेला होता.

बाईंनी गाठ सोडली. आत तपकिरी मेणाचे तुकडे होते आणि पुठ्ठ्याच्या डबीचं झाकण, त्यावर काकांच्या हातचं एकच नाव: कुसुम.

यामिनी पुढे आली. तिला आधी अर्थ लागला नाही. मग लागला आणि तिने खणाची कड धरली.

"मावशी," ती म्हणाली, "हे फुटलेलं आहे."

"हव. आणि नरहरच्या हातून फुटलं. एक जीव गेला म्हणाला तो हाच." बाईंचा आवाज ओला झाला होता. "आदल्या दिवशी. सणाच्या आधी लावून पाहायले काढली असेल. तुमच्यासमोर बोलायची हिंमत नाही झाली त्याची."

"पण मी दुसऱ्या दिवशी ऐकली ती. आजीचीच. मी शपथेवर सांगते."

"मी कुठं खोटं म्हणते? म्हणूनच विचारून राहिली, फुटलेली चुडी गायली कशी?"

यामिनीने कपाटाच्या जाळीकडे पाहिलं. जाळीला चावी नव्हती, पण वरच्या दोन कळा दाबल्या की ती सुटते हे तिला ठाऊक होतं. तिचा हात पुढे जाईना. शेवटी मंदाकिनीबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, दोघींनी मिळून कळा दाबल्या आणि जाळी रेशमी पडद्यासकट बाहेर आली. कर्ण्याच्या काळ्या तोंडात, आत खोल, मुठीएवढं काहीतरी बसलं होतं आणि त्यावर एक हिरवा ठिपका उजळत होता.

५

तो एक स्पीकर होता. इंटरनेटवर चालणारा, फोनवरून कुठूनही वाजवता येणारा. पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरू नये म्हणून काकांनी कपाटाच्या पाठीला बारीक दिव्यासाठी एक प्लग बसवला होता. स्पीकरची वायर त्यातच खोचलेली होती. घरातल्या वायफायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होता. काका कुणालाच नाही म्हणत नसत.

यामिनीला आता श्वास घेता येत होता. भूत नव्हतं. पण त्याच्या जागी जी गोष्ट हळूहळू उभी राहत होती, ती भुताहून वाईट होती.

मंदाकिनीबाई काकांच्या खुर्चीत बसल्या आणि कोर्टात बोलावं तसं शांतपणे बोलू लागल्या. काकांना घाव बसला तो गाण्याच्या आधी. तू म्हणालीस, रक्त कडांना वाळलं होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गाणं वाजवलं ते लोकांना वाटावं म्हणून, की नरहर तोवर धडधाकट आहे. मग असं वाटण्याचा फायदा कुणाला? चिरागला उलट तोटाच. गाण्यानंतर आला म्हणून तो अडकला. तुलाही तोटा. फायदा त्यांचा, जे गाण्याच्या आधी घर सोडून गेले. अभिनव आणि यशदीप.

"आणि आजचं गाणं?" यामिनीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर सुचलं. ती काम करायची त्या दवाखान्यात एकदा असंच झालं होतं. डॉक्टरांच्या मुलाने घरी बसून गाणं लावलं आणि चुकीचा स्पीकर निवडल्यामुळे ते तिथे, पेशंटसमोर वाजलं. ज्याच्या खात्याला हा स्पीकर जोडलेला आहे, त्याच्या घरातल्या लेकराच्या हाताला त्याच खात्याचा दुसरा एखादा फोन लागला असणार.

"लेकरू दोघांकडेही आहे," बाई म्हणाल्या. "त्यानं काही ठरत नाही. ठरतं ते आजीच्या आवाजानं. चुडी फुटली हे ज्याले ठाऊक असतं, त्यानं ती लावलीच नसती. आणि फुटलेल्या चुडीचा आवाज या दुनियेत अजून कोणापाशी होता?"

यामिनीच्या डोळ्यांपुढे यशदीप उभा होता, ताकाचा पेला हातात घेऊन, ओठ पुसत, काका जरा पडलेत म्हणताना. त्या वेळी काका भिंतीपलीकडे या फरशीवर पडलेले होते. आणि ती त्याला अजून थोडं ताक हवं का, असं विचारत होती. मेण वितळेल म्हणून तो खोली उघडायला सांगत होता. त्याला चुड्या नव्हे, हा स्पीकर काढायचा होता.

"पण काहून, मावशी? काकांनी त्याला—" तिने विचारलं.

ते नरहरलाच ठाऊक, असं बाई म्हणाल्या. तो दोन दिवस सुईचं डोकं भिंगाखाली धरून बसला होता म्हणतेस, म्हणजे त्यातच काही असेल. तो शुद्धीवर आला की सांगेल.

शुद्धीवर. हा शब्द कानावर पडला आणि यामिनीला सकाळ आठवली. आतापर्यंत काका अतिदक्षता विभागात होते, तिथे नातेवाइकांना काचेपलीकडून बघू देत, फार तर दोन मिनिटं आत सोडत. आज सकाळी ते साध्या खोलीत गेले.

"दवाखान्यात आत्ता कोण आहे?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि उत्तराची वाट न बघता उठल्या.

६

नवा रायपूर ते शहर हा रस्ता यामिनीला रोजचा होता. त्या दिवशी तो संपेना. रिक्षावाल्याला बाईंनी पळव म्हटलं, तो पळवत होता, पण त्या रुंद रस्त्यावर बाजूने काही सरकतच नव्हतं, त्यामुळे उभंच असल्यासारखं वाटायचं. बाई ठाण्याच्या साहेबांशी फोनवर बोलत होत्या. यामिनीने दवाखान्याच्या काउंटरला फोन लावला, तो वाजत राहिला. यशदीपला लावावा असं तिच्या मनात आलं आणि तिने फोन विस्तवासारखा मांडीवर टाकून दिला. त्याला कळलं की तिला कळलं, तर?

ती जिना चढली ती मंदाकिनीबाईंना मागे टाकून. खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

यशदीप पलंगाशी स्टुलावर बसला होता. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं होतं. "काका, ऐकू येतंय का?" तो हळू, मायेने विचारत होता. "एकदा डोळे उघडा ना." काका पांढऱ्याफटक चेहऱ्याने निपचित पडले होते. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला भावना नावाची नर्स सलाइनची नळी हाताळत उभी होती. यामिनीला पाहून तिने अशा नजरेने बघितलं की जणू ती कितीतरी वेळ कुणाची तरी वाटच पाहत होती.

यामिनीला ओरडायचं होतं. पण काकांचा हात त्याच्या हातात होता. तिने ओरडणं गिळलं.

"यशदीप, मंदामावशी खाली आल्यात," ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा निघाला हे तिला नंतरही कळलं नाही. "त्यांचे गुडघे धरलेत. जरा धरून वर आणतोस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे. तिच्या पायात मंदाकिनीबाईंच्या चपला होत्या, धुळीने माखलेल्या. काकांचा हात त्याने हळूच चादरीवर ठेवला, उठला आणि बाहेर गेला.

बाईंनी त्याला जिन्याच्या पहिल्या वळणावरच गाठलं. त्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, की चुडी आदल्याच दिवशी फुटली होती. तो पायरीवर बसला. पोलीस आले तेव्हा तो तिथेच होता. त्याने सगळं सांगून टाकलं. फोनोग्राफचं मूळ सुईचं डोकं त्याने सफाई करायला म्हणून नेलं आणि परदेशातल्या एका संग्राहकाला विकून टाकलं होतं. त्या जागी तसंच दिसणारं नवं बसवलं. काकांनी ते ओळखलं. त्यांनी पोलिसांत जायची धमकी दिली नाही, चिडलेही नाहीत. तू असं केलंस, आता मी तुला या घरात येऊ देणार नाही, एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. तो मात्र येतानाच पिशवीत स्पीकर घेऊन आला होता. आदल्या दिवशीच्या फोनमधल्या त्यांच्या आवाजावरून त्याने ओळखलं होतं, आपलं बिंग फुटलं. बाकीचं यामिनीने नंतरही ऐकून घेतलं नाही.

त्या वेळी ती खोलीतच होती. जिन्यावरचे आवाज दूर गेले, तशी नर्स भावनाने दार लावून घेतलं आणि काकांच्या खांद्याला हात लावला.

"बाबूजी, चला गया," ती म्हणाली.

नरहर पुराणिकांनी डोळे उघडले.

यामिनी मागे सरकली आणि भिंतीला आपटली. काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गेला का तो?" त्यांचा आवाज फाटका होता. "खरंच गेला?"

तिने मान हलवली. तिला रडू आवरेना. काका थांबत थांबत, मध्ये श्वास घेत बोलले. त्यांना कालच शुद्ध आली होती. पहिलं ऐकू आलं ते त्याचंच, काका ऐकू येतंय का. त्यांनी डोळे मिटूनच ठेवले. डॉक्टर आले तरी उघडले नाहीत. तो काचेपलीकडे उभा असायचा. आज इथे आणल्यावर तो दार लोटून आत आला, तेव्हा त्यांनी चादरीखालून या नर्स पोरीचा झगा धरला आणि सोडला नाही. तिने ओळखलं. ती कामं काढत तिथेच थांबली.

"लहान होता तेव्हा मी असंच विचारायचो त्याले," काका म्हणाले. "कानाले हेडफोन लावून. ऐकू येते का रे. अन् तो हासायचा." मग त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तीच भीती आली. "दार लाव पोरी. कडी लाव."

दवाखान्याच्या दारांना आतून कडी नसते, असं भावनाने हळूच सांगितलं. पोलीस खाली आहेत, तो आता येऊ शकत नाही, हे यामिनीने दोनदा समजावलं. काका मान हलवत होते, पण नजर दारावरून निघत नव्हती. तेव्हा तिने यशदीपचं स्टूल उचललं, दाराला टेकवलं आणि त्यावर पाठ दाराला लावून, काकांना ती पूर्ण दिसेल अशी बसली. बाहेरून मंदाकिनीबाईंनी दार वाजवलं तेव्हा दोघंही दचकले. यामिनीने आवाज ओळखला, तरी ती उठली नाही. आधी तिने काकांकडे पाहिलं, आणि त्यांनी होकार दिल्यावरच स्टूल बाजूला सारलं.